फोनवरचे निदान

पेशींना वय नसते, असे मी बराच काळ मानत होतो. काचपट्टीवर पसरलेली, निळ्या-जांभळ्या रंगात न्हालेली एखादी पेशी सतरा वर्षांच्या मुलीच्या गालातून आली की सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या, हे मला नुसते पाहून कधीच सांगता आले नाही. आणि त्या न सांगता येण्यातच मला एक विसावा वाटे. माणसांसमोर माझी जीभ जड होते. पेशींसमोर तिची गरजच पडत नाही. मिरजेच्या आमच्या रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडे खिडकी असलेल्या एका खोलीत मी सुईच्या तपासण्या करतो. गाठीत बारीक सुई घालायची, थेंबभर ऐवज बाहेर काढायचा, तो काचेवर पसरायचा. एवढेच माझे काम उरले होते. पाहण्याचे काम यंत्राकडे गेले होते.

त्या यंत्राला कागदोपत्री ‘पेशीवाचक’ असे नाव होते, पण आम्ही सगळे त्याला ‘धाकट्या बाई’ म्हणत असू. कारण मोठ्या बाई होत्या. डॉ. कमलिनी हेर्लेकर यांनी याच खोलीत चौतीस वर्षे स्लाइड पाहिल्या. मला हे काम त्यांनीच शिकवले. मी त्यांचा शेवटचा विद्यार्थी. त्या निवृत्त झाल्यावर त्यांनी पाहिलेली एकूण एक स्लाइड यंत्राला दाखवण्यात आली, आणि प्रत्येक स्लाइडसोबत दोन गोष्टी सांगण्यात आल्या : बाईंनी रिपोर्टात काय लिहिले, आणि तो रुग्ण दहा वर्षांनी जिवंत होता की नाही. चित्र, शब्द आणि आयुष्य. या तिहींमधला धागा यंत्राने स्वतःच शोधला. कोणी त्याला नियम शिकवले नाहीत. लहान मूल जसे घरातल्या माणसांचे चेहरे पाहून रागलोभ ओळखायला शिकते, तसे ते बाईंचे डोळे शिकले. गेली आठ वर्षे त्रेसष्ट तालुक्यांतल्या स्लाइड धाकट्या बाई वाचत होत्या, आणि शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बरोबर वाचत होत्या. माझे प्रमाण ब्याण्णव होते.

शरयू मगदूम फेब्रुवारीतल्या एका सकाळी आली. सतरा वर्षांची, उन्हात रापलेली, गुडघ्यांवर जुन्या खरचटण्यांचे डाग असलेली मुलगी. सोबत वडील होते, सुकुमार मगदूम. इचलकरंजीच्या एका कापड कारखान्यात ते जॉबर होते. बिघडलेले माग दुरुस्त करणे हे त्यांचे काम. त्यांच्या बोटांच्या रेषांत वंगणाचा काळेपणा कायमचा मुरलेला होता. शरयूच्या डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर, सुपारीएवढी गाठ होती.

“केव्हापासून आहे?” मी विचारले.

“दिवाळीपासून.”

“दिवाळीपासून न्हवं साहेब, गणपतीपासून हाय,” वडील म्हणाले. “लपवून ठेवलं हिनं.”

“सांगितलं असतं तर खो-खोच्या कॅम्पला पाठवलं असतंत का, अण्णा?”

“पाठवलं नसतं.”

“मग?”

मी सुई हातात घेतली आणि नेहमीचे वाक्य पुटपुटलो, की थोडे टोचेल. तिने मान वळवून गाठ माझ्यापुढे केली.

“टोचा हो. सूर मारताना ह्याच्या दसपट लागतं.” आणि सुई आत असतानाच, ओठ न हलवता, तिने विचारले, “हे तुम्ही बघणार?”

“यंत्र बघते.”

“मग तुम्ही काय करता?”

माझ्या मागे स्लाइड वाळवत उभा असलेला तंत्रज्ञ शकील मुल्ला हसला. “डॉक्टरसाहेब सुई टोचतात आणि लाजतात.”

चाळीस मिनिटांत निकाल सुकुमाररावांच्या फोनवर आला. रुग्णाच्या घरच्यांना तो सर्वांत आधी कळावा, असा आता कायदाच आहे. ‘लाळग्रंथीची सौम्य गाठ. तातडीच्या शस्त्रक्रियेची आवश्यकता नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे. खात्री : शहाण्णव टक्के.’ त्यांनी तो दोनदा वाचला, डोळे मिटले, आणि समोर दुसरे कोणी नसल्यासारखे भिंतीवरच्या पडद्यालाच हात जोडले. शरयूने मात्र दारातून मागे वळून पाहिले.

“तुम्ही पण एकदा बघा ना, डॉक्टर,” ती म्हणाली. “तुम्ही टोचलंय म्हणून म्हणते.”

तिच्या म्हणण्यात अविश्वास नव्हता. शेजाऱ्याच्या घरी ठेवलेल्या पिशवीकडे जाता-येता लक्ष ठेवा म्हणावे, इतकी ती साधी विनंती होती. पण आठ वर्षांत मला कोणी असे म्हटले नव्हते.

बाईंची एक पद्धत मी मोडली नव्हती. त्या प्रत्येक गाठीच्या दोन स्लाइड करीत : एक ओली असतानाच स्पिरिटात बुडवलेली, दुसरी वाऱ्यावर वाळवलेली. यंत्र पहिली वाचते. दुसरी लाकडी पेटीत पडून राहते. दुपारच्या जेवणानंतर मी ती बाहेर काढली आणि जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

पेशी लहान-लहान घडांनी पसरल्या होत्या. त्यांच्या पोटात बुडबुडे होते, कोणाच्या एक तर कोणाच्या अनेक, जणू प्रत्येक पेशी आपल्या आत फेस धरून बसली होती. घडांच्या मधल्या जागेत एक फिकट गुलाबी स्राव विरघळल्यासारखा पसरला होता. केंद्रके शांत, गोल, एकसारखी. ओरडणारी एकही पेशी नव्हती. म्हणूनच मला भीती वाटली.

लाळग्रंथीचा एक दुर्मिळ कर्करोग असतो, ‘स्रावी’ नावाचा. बाराव्या गुणसूत्राचा एक तुकडा आणि पंधराव्याचा एक तुकडा चुकून एकमेकांना जोडले जातात, आणि त्या जोडातून पेशीला ‘वाढ’ असा हुकूम अखंड मिळत राहतो. तो तरुणांनाही होतो, कधी शाळकरी मुलांनाही. घाई त्याच्या स्वभावात नाही. तो वर्षानुवर्षे सौम्य गाठीसारखा वागतो आणि तसाच दिसतो. वेळेवर काढला तर बहुधा परतही येत नाही. पण कानाखालच्या त्या ग्रंथीच्या मधून चेहऱ्याची नस जाते. डोळा मिटणे, भुवई उचलणे, हसणे, सारे काही तिच्या पाच फांद्यांवर चालते. गाठ त्या नसेला बिलगली, की सर्जनला एकदा गाठीकडे आणि एकदा चेहऱ्याकडे पाहावे लागते. शरयूची गाठ नसेपासून दोन मिलिमीटर दूर असल्याचे सोनोग्राफीत दिसत होते. सहा महिने हा त्या दोन मिलिमीटरांचा हिशेब होता.

“साहेब, धाकट्या बाईंशी भांडू नका,” मी इतका वेळ नळीवरून डोळा काढला नाही हे पाहून शकील म्हणाला. “त्यांचं अठ्ठ्याण्णव, आपलं ब्याण्णव. लेखी कारण द्यावं लागतं, चौकशी होते. मागच्या वर्षी सोनटक्के डॉक्टरांनी दिलं होतं. त्यांना अजून सगळे थट्टेनं ‘यंत्रजित’ म्हणतात.”

मी हसलो, पण उठलो नाही. शिकाऊ डॉक्टरांसाठी यंत्रात एक सरावाची खिडकी असते. तिथे दिलेल्या निकालाची नोंद होत नाही. शरयूचीच स्लाइड मी तिथे चढवली. निकाल तोच : सौम्य. मग, का ते मला आजही नीट सांगता येणार नाही, मी तिचे वय बदलले. सतराऐवजी सत्तावीस लिहिले. सौम्य. स्लाइडसोबत यंत्र जो अर्ज वाचते, बाईंच्या काळापासून चालत आलेल्या त्या अर्जात नावाआधी एक छोटा रकाना होता : श्री., सौ., कु., चि. मी ‘कु.’ पुसून ‘सौ.’ लिहिले.

‘दुष्ट गाठ. स्रावी कर्करोगाचा दाट संशय. खात्री : त्र्याण्णव टक्के.’

पेशी त्याच होत्या. फक्त मुलीचे लग्न झाले होते.

मी पुन्हा ‘कु.’ लिहिले. सौम्य. ‘चि.’ लिहिले, तेव्हा यंत्र थोडे घुटमळले : बहुधा सौम्य, साठ टक्के. ‘श्री.’ लिहिले : दुष्ट. शकील माझ्या खांद्यामागे येऊन उभा होता, आणि या वेळी त्याला थट्टा सुचली नाही.

“हे कुणी शिकवलं हिला?” त्याने हळू आवाजात विचारले.

हिला शिकवणारे माणूस एकच होते.

बाई सांगलीत विश्रामबागेजवळ तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग आला होता. कडेचे दिसे, समोरचे दिसत नसे. माणसाशी बोलताना त्या मान किंचित बाजूला वळवून, खांद्यापलीकडे पाहिल्यासारखे पाहत. ज्या नजरेवर त्रेसष्ट तालुके विसंबून होते, ती नजर आता वर्तमानपत्राचा मथळाही वाचू शकत नव्हती.

“मिहीर का रे? अजून पायताण घासत चालतोस.”

मी त्यांच्यासमोर बसलो. इकडचे-तिकडचे बोलायला मला येत नाही, आणि त्यांना ते माहीत होते.

“सांग. कुठली स्लाइड?”

मी सांगत गेलो. बाई बोटे गुडघ्यावर हलवत ऐकत राहिल्या, जणू स्लाइड इकडेतिकडे सरकवीत होत्या.

“बुडबुडे आहेत? स्राव गुलाबी?”

“हो.”

“मग मला काय विचारतोस? पोरीची गाठ काढायला सांग.”

“धाकट्या बाई सौम्य म्हणतात.”

“गाढव आहे ती.”

“ती तुम्हीच आहात, बाई,” मी म्हणालो. आणि मग ‘कु.’ आणि ‘सौ.’ची गोष्ट सांगितली.

त्यांची बोटे थांबली.

“मी खोटं नाही लिहिलं. कमी लिहिलं.”

“म्हणजे?”

“शहाण्णव साली गडहिंग्लजची एक मुलगी आली होती. एकोणीस वर्षांची. अशीच गाठ. तेव्हा या रोगाला वेगळं नावही नव्हतं, दुसऱ्याच एका कर्करोगाच्या नावाखाली तो मोडायचा. मी स्वच्छ शब्दांत लिहिलं. तिचं लग्न ठरलेलं. तो कागद कुणीतरी त्या लोकांना दाखवला. लग्न मोडलं. बापानं कागद फाडला आणि ‘हिला काही झालेलं नाही’ म्हणून तिला दूर कर्नाटकात नातेवाइकांकडे पाठवून दिलं. ऑपरेशन झालंच नाही. चार वर्षांनी आली, तेव्हा तिचा अर्धा चेहरा...” त्या थांबल्या. “त्यानंतर मी ठरवलं. अशी गाठ कुमारिकेला असली की कागदावर ‘सौम्य गाठ’. आणि दुपारी चार वाजता दिलावरला फोन.”

डॉ. दिलावर जमादार म्हणजे त्या काळचे मिरजेतले सर्जन. ते जाऊन आता नऊ वर्षे झाली होती.

“मी फोनवर खरं सांगायची. तो ऑपरेशन करायचा. घरच्यांना म्हणायचा, गाठ आहे, काढून टाकू. काढलेली गाठ मुंबईला जायची, तिचा रिपोर्ट त्याच्या कपाटात राहायचा. तेव्हा सौम्य गाठसुद्धा काढूनच टाकत. शब्द मवाळ असला तरी सुरी थांबत नव्हती. पोरी बऱ्या झाल्या, मिहीर. त्यांची लग्नं झाली, लेकरं झाली. मला पत्रिका यायच्या.”

“म्हणूनच,” मी म्हणालो.

त्यांना समजायला क्षणभर लागला. मला ते समजावून सांगावे लागले नाही, याचे आजही बरे वाटते. यंत्राने स्लाइड पाहिली होती. ‘सौम्य’ हा शब्द वाचला होता. आणि दहा वर्षांनी ती मुलगी ठणठणीत असल्याचे पाहिले होते. चार वाजताचा फोन त्याला कधी ऐकू आला नाही, आणि जमादारांचे कपाट त्याने पाहिले नाही. त्या मुली फोनमुळे जगल्या, आणि यंत्राने त्यातून एवढेच शिकून घेतले, की कुमारिकांमध्ये या पेशी निरुपद्रवी असतात. पुढे यंत्राचीच खात्री पाहून नियम बदलला : सौम्य गाठ काढू नये, थांबावे. बाईंची माया आता त्रेसष्ट तालुक्यांत मुलींना थांबा म्हणत होती.

“किती असतील?” त्यांनी विचारले.

“आठ वर्षांत अकराशे चाळीस मुलींना कानाखालची किंवा जबड्याखालची गाठ सौम्य म्हणून कळवली गेली. त्यांतल्या बहुतेक खरंच सौम्य असणार. रोग दुर्मिळ आहे. पण कोणत्या, ते माहीत नाही.”

बाईंनी मान वळवली. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, म्हणजे नेमक्या माझ्याकडेच पाहत होत्या.

माझ्या मनात येतानाच एक वाट होती. मी ती भीत-भीत सांगितली. या मुलीपुरता मी नव्या सर्जन बाईंना फोन करतो. गाठ निघून जाईल. यंत्रात हळूहळू, आतल्या आत दुरुस्ती करून घेऊ. कोणाचे नाव निघायला नको. मी बोलत होतो, आणि मला कळत होते की मी त्यांना वाचवतो आहे, आणि त्याहून अधिक स्वतःला. चौकशीसमोर उभे राहून चार वाक्ये बोलण्यापासून.

“शाबास,” बाई म्हणाल्या. “माझाच विद्यार्थी शोभतोस. तूही फोनच करणार.”

माझे कान तापले.

“कागद घे,” त्या म्हणाल्या. “मी सांगते ते लिही. डॉ. कमलिनी हेर्लेकर, वय एकोणऐंशी. मी शहाण्णव सालापासून निवृत्तीपर्यंत अविवाहित मुलींच्या लाळग्रंथीच्या गाठींच्या रिपोर्टात जाणूनबुजून सौम्य शब्द लिहिला...”

मी लिहीत होतो. सवयीने माझ्या हातून ‘सौम्य शब्द लिहिण्यात आला’ असे उतरले. परत वाचून दाखवताना त्यांनी मला तिथेच अडवले.

“आला काय? आपोआप आला? मी लिहिला. तसं घाल.”

सही करताना कागदाच्या कडेकडे पाहत, चाचपत, त्यांनी आपले नाव लिहिले. ती सही ओळीवरून खाली घसरली होती. मी दारापाशी पोचलो तेव्हा त्यांनी विचारले, “खेळाडू आहे म्हणालास ना ती? कसली?”

“खो-खो.”

“मग पळव तिला लवकर.”

दुसऱ्या दिवशी मी यंत्राच्या निकालावर लेखी हरकत घेतली आणि शरयूच्या पेशी गुणसूत्राच्या चाचणीसाठी पाठवल्या. चौथ्या दिवशी उत्तर आले. बारा आणि पंधरा जोडलेले होते.

चौकशी झाली. मी चार वाक्ये बोललो. तिसऱ्या वाक्यानंतर पाणी प्यालो आणि चौथेही बोललो. विश्वस्तांपैकी एक गृहस्थ, ज्यांच्या बहिणीचे निदान बाईंनी कधीकाळी वेळेत केले होते, जिन्यात मला म्हणाले, “ज्यांनी तुला डोळे दिले त्यांचंच नाव मातीत घातलंस.” सांगण्यासारखे पुष्कळ होते, पण त्यांचे दुःखही खोटे नव्हते. अकराशे चाळीस घरांना परत बोलावण्याची पत्रे निघाली. बाईंच्या जुन्या पेट्या उघडल्या गेल्या आणि मी एकेक स्लाइड पुन्हा पाहू लागलो. संध्याकाळी सांगलीला जाऊन मी शंकेच्या स्लाइडचे वर्णन करी, आणि बाई डोळे मिटून खरा शब्द सांगत. यंत्राला आता खरे शब्द नव्याने शिकवायचे होते. तोवर लाळग्रंथीच्या प्रत्येक गाठीसाठी ते एकच वाक्य दाखवू लागले : ‘सांगता येत नाही. डॉक्टरांनी पाहावे.’

“आठ वर्षांत पहिल्यांदा धाकट्या बाई गप्प बसल्या,” शकील म्हणाला. “आता तुम्हाला बोलावं लागणार, साहेब.”

चाचणीचा निकाल लागला त्याच आठवड्यात मगदूम बापलेक आले. मी त्यांना माझ्या खोलीत बसवले आणि दार लावून घेतले. आजवर मी कोणाला हा शब्द तोंडाने सांगितला नव्हता. आधी तो बाई सांगत, नंतर यंत्र.

“शरयू,” मी म्हणालो, “तू बघायला सांगितलं होतंस. मी बघितलं. हा कर्करोग आहे.”

ती हलली नाही. सुकुमाररावच उठून उभे राहिले.

“अहो पण त्यात लिहिलंय की! शहाण्णव टक्के! आता तुम्ही म्हणताय... यंत्र चुकलं म्हणजे काय? मागाला चूक असती तर कापडात दिसली असती!”

“यंत्राला आम्ही चुकीचं शिकवलं होतं,” मी म्हणालो. “ते नीट वाचत होतं, काका. आम्ही लिहिलं तेच वाचत होतं.”

मी त्यांना ‘कु.’ आणि ‘सौ.’पासून सगळे सांगितले. गाठ हळू वाढणारी आहे, अजून नसेला चिकटलेली नाही, लगेच काढली तर बरी होण्याची आशा फार चांगली आहे, आणि उद्या परत आलीच, तर त्या गुणसूत्रांच्या जोडावरच नेमके बसणारे औषध आहे. ते ऐकत होते, पण त्यांचे डोळे माझ्या टेबलावरच्या कोऱ्या रिपोर्टावर खिळले होते. मग ते खाली बसले आणि आवाज एकदम उतरला.

“ऑपरेशन करू. उद्या म्हणाल तर उद्या करू. खरं, एक ऐका साहेब. कागदावर नका लिहू. गाठ लिहा. साधी गाठ. पोरगीची जात हाय. उद्या कोण विचारंल हिला? तुमच्या पाया पडतो.”

आणि ते खरोखरच वाकू लागले. मी त्यांचे हात धरले. वंगणाने काळवंडलेले ते हात माझ्या पायांकडेच जाऊ पाहत होते. गडहिंग्लजच्या त्या बापाने कागद फाडला, तोही अशाच हातांनी असेल. बाई कशाला शरण गेल्या, ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळले. चौतीस वर्षांत किती बाप या टेबलापुढे असे वाकले असतील! नाही म्हणायला मला माझ्यात जे सापडत नव्हते, ते त्यांच्यापाशी तरी कुठून असणार? एक शब्द गाळायचा होता, बाकी सगळे तर होणारच होते.

“काका,” मी म्हणालो, “मी आज जे लिहीन, ते यंत्र वाचणार आहे. मी ‘गाठ’ लिहिलं, तर पुढच्या मुलीला ते पुन्हा ‘थांब’ म्हणेल. ती मुलगी कदाचित ‘तुम्ही पण बघा’ म्हणणार नाही.”

“दुसऱ्याच्या पोरीचं मी बघू व्हय?” ते ओरडले. आणि लगेच स्वतःच्याच आवाजाला लाजून त्यांनी दाराकडे पाहिले.

शरयू इतका वेळ कानाखाली दोन बोटे ठेवून बसली होती.

“अण्णा,” ती म्हणाली, “आमच्या टीमात बारा जणी आहेत. सगळ्यांच्या नावाआधी कु.च लागतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “लिहा तुम्ही. आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवा. मला ऐकायचंय.”

मी लिहिले. नावाआधीचा तो रकाना कोरा सोडला. मग वाचू लागलो. माझा आवाज पहिल्या ओळीत अडखळला, पण मध्येच थांबलो नाही. ‘स्रावी कर्करोग’ या शब्दांवर सुकुमाररावांनी मान खिडकीकडे वळवली. शरयूने मात्र प्रत्येक शब्द ऐकला, आणि संपल्यावर विचारले, “तोंड वाकडं होईल का?”

“थोडे दिवस डावी बाजू हळू चालेल. कायमची वाकडी होण्याची शक्यता कमी आहे. नाहीच होणार, असं मी म्हणणार नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “कमी म्हणजे खेळता येतंय.”

पुढच्या सोमवारी शस्त्रक्रिया झाली. चार तास लागले. सर्जन बाईंनी नसेच्या पाचही फांद्या एकेक करून सोडवल्या. एका फांदीला गाठ नुकतीच टेकू लागली होती, पण शिरली नव्हती. अकराशे चाळीसांपैकी पुढच्या दोन महिन्यांत तीनशे मुली परत आल्या आणि त्यांपैकी आणखी दोघींत तो जोड सापडला. एक शिरोळची, दुसरी जतची. दोघींच्याही घरी मी स्वतः बोललो.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेलो. कोणी बोलावले नव्हते; मला जावेसे वाटले. शरयू उशीला टेकून बसली होती, कानापासून गळ्यापर्यंत पट्टी होती. सर्जन बाई तिला डोळे घट्ट मिटायला सांगत होत्या. उजवा लगेच मिटला. डावी पापणी अर्ध्यावर येऊन थबकली, थरथरली, आणि मग, पाणी जमिनीत जिरावे तशी सावकाश, खाली उतरली. तिने हसून पाहिले तेव्हा ओठाचा डावा कोपरा मागे राहिला.

“येईल तोही,” सर्जन बाई म्हणाल्या. “दोन-तीन महिने.”

तेवढ्यात वॉर्डाच्या दारात हुपरीची आत्या आली, सुकुमाररावांची थोरली बहीण. हातात डबा, चेहरा धावपळीने लाल. तिला इतकेच कळले होते की भाचीचे काहीतरी ऑपरेशन झाले. डबा खाली ठेवायच्या आधीच तिने विचारले, “अरे सुकुमार, काय झालं होतं काय पोरीला? कुणी धड सांगंना.”

आजूबाजूला सहा खाटा होत्या, आणि प्रत्येक खाटेभोवती माणसे. सुकुमारराव उभे राहिले. त्यांनी एकदा शरयूकडे पाहिले. ती त्यांच्याकडे पाहतच होती, एक पापणी लवत आणि दुसरी अर्ध्यावर थबकत. त्यांनी दोनदा तोंड उघडले. तिसऱ्यांदा शब्द बाहेर आला, आणि तो त्यांना स्वतःलाच अपेक्षेपेक्षा मोठा वाटला असावा, कारण शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघू लागली.

“कॅन्सर होता, अक्का,” ते म्हणाले. “काढला.”

आत्याने भाचीच्या पट्टीकडे पाहिले, भावाच्या हातांकडे पाहिले. मग खाटेच्या कडेला बसून तिने डब्याचे झाकण काढले.

“मग जेवलीय का ही काही?” तिने विचारले. “का डॉक्टरांनी उपाशीच ठेवलंय?”